गाईडचं बटण दाबलं की ‘माहिती उपलब्ध नाही’ का दिसतं? टीव्हीवरच्या कार्यक्रमपत्रिकेमागची पूर्ण गोष्ट

रात्रीचे आठ वाजायला आले आहेत. तुम्ही सोफ्यावर बसून रिमोटवरचं ‘गाईड’ बटण दाबता. समोर चॅनलची यादी येते. पहिल्या चॅनलपुढे कार्यक्रमाचं नाव आहे, दुसऱ्यापुढे ‘माहिती उपलब्ध नाही’, तिसऱ्यापुढे अर्ध्या तासापूर्वीच संपलेला कार्यक्रम. चौथ्यापुढे मराठी मालिकेचं नाव रोमन लिपीत आणि तेही अर्धवट तुटलेलं. मग तुम्ही गाईड बंद करता आणि नेहमीसारखं एकेक चॅनल पुढे ढकलत बसता.

हा अनुभव इतका सवयीचा झालाय की गाईड म्हणजे कामाचं नसलेलं बटण, असं बहुतेकांनी गृहीत धरलंय. काही जण बॉक्सला शिव्या देतात, काही जण डिशवाल्याला फोन लावतात. पण खरी गंमत अशी, की बिघाड बऱ्याचदा ना तुमच्या बॉक्समध्ये असतो, ना डिशमध्ये. तो असतो कार्यक्रमाची माहिती चॅनलच्या ऑफिसातून तुमच्या पडद्यापर्यंत येते त्या वाटेवर कुठेतरी. ही वाट कशी आहे आणि ती सुधारता येते का, तेच आज समजून घेऊया.

आधी पेपर होता, मग पडदा आला

एकच दूरदर्शन होतं तेव्हा गाईडची गरज नव्हती. पेपरात ‘आज टीव्हीवर’ असा चौकोन यायचा आणि निवेदिका पडद्यावर येऊन पुढचे कार्यक्रम सांगायची. दोन-तीन चॅनलसाठी तेवढं पुरेसं होतं. चॅनल शेकड्यात गेले तेव्हा पेपरातला चौकोन अपुरा पडला.

अमेरिकेत ही अडचण आपल्या आधी आली. केबलवर चॅनल वाढले तसं १९८१ मध्ये युनायटेड व्हिडिओ या कंपनीने एक आख्खं चॅनलच फक्त कार्यक्रमांची यादी दाखवायला काढलं. पुढे ते ‘प्रीव्ह्यू गाईड’ नावाने ओळखलं जाऊ लागलं. यादी पडद्यावर खालून वर हळूहळू सरकायची आणि ती दाखवायला केबलवाल्याच्या खोलीत अमिगा जातीचा घरगुती कॉम्प्युटर बसवलेला असायचा. तुमचं चॅनल नुकतंच वर सरकून गेलं असेल, तर पुढची फेरी येईपर्यंत गप्प बसून राहायचं.

ब्रिटनमध्ये बीबीसीने १९७४ मध्ये ‘सीफॅक्स’ ही टेलिटेक्स्ट सेवा सुरू केली. टीव्हीच्या सिग्नलमध्ये जी थोडी मोकळी जागा असायची, तिच्यात अक्षरं भरून पाठवायची अशी ती कल्पना. पानाचा नंबर दाबला की बातम्या, हवामान, कार्यक्रमांची यादी पडद्यावर यायची. चित्रासोबत माहितीही पाठवायची, ही आजच्या गाईडमागची कल्पना तिथे दिसते.

भारतात घराघरावर छोट्या डिश आल्या त्या २००३ नंतर. खासगी सेवा सुरू झाल्या आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत सेवा आली, जिला आज आपण डीडी फ्री डिश म्हणतो. या बॉक्ससोबत रिमोटवर एक नवं बटण आलं, ‘गाईड’ किंवा ‘ईपीजी’. ईपीजी म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रोग्रॅम गाईड, साध्या मराठीत पडद्यावरची कार्यक्रमपत्रिका.

उपग्रह ऐकत नाही, फक्त बोलतो

मोबाईलवर तुम्ही काही शोधता तेव्हा फोन सर्व्हरला प्रश्न विचारतो आणि सर्व्हर उत्तर देतो. डिशचं तसं नाही. तुमच्या गच्चीवरची डिश उपग्रहाला काहीही विचारू शकत नाही. ती फक्त ऐकते. डीडी फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व या जागी आहे. तिथून जे खाली येतं ते सगळ्यांसाठी सारखंच.

मग गाईडची माहिती मिळते कशी? एसटी स्टँड आठवा. ‘पुण्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर’ ही घोषणा एकदाच होत नाही. ती थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा होते, कारण नवीन माणूस कधी स्टँडवर येईल ते घोषणा करणाऱ्याला माहीत नसतं. उपग्रहही तेच करतो. चित्र आणि आवाजाच्या प्रवाहातच तो कार्यक्रमांचा एक तक्ता सतत फिरवत ठेवतो. बॉक्स तो तक्ता ऐकतो, लक्षात ठेवतो आणि तुम्ही बटण दाबलंत की पडद्यावर मांडतो.

डिजिटल टीव्हीसाठी जगात मोठ्या प्रमाणावर वापरलं जाणारं युरोपियन मानक म्हणजे डीव्हीबी. त्यात या तक्त्याला ‘इव्हेंट इन्फर्मेशन टेबल’ म्हणतात. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग फक्त दोन गोष्टी सांगतो: आत्ता काय चालू आहे आणि यानंतर काय आहे. दुसरा भाग पुढच्या दिवसांचं पूर्ण वेळापत्रक सांगतो आणि त्यात जास्तीत जास्त ६४ दिवसांची सोय आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. जे चॅनल तुम्ही पाहताय त्याच्या प्रवाहात ‘आत्ता आणि यानंतर’ हा भाग असणं मानकाप्रमाणे सक्तीचं आहे. पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक मात्र ऐच्छिक आहे. म्हणजे एखाद्या सेवेने फक्त आत्ताचा आणि पुढचा कार्यक्रम पाठवला, तरी तिने नियम मोडला असं होत नाही. तुम्ही उद्या दुपारी काय आहे ते बघायला जाता आणि रकाना रिकामा दिसतो, त्याचं एक कारण हे आहे.

रिकाम्या रकान्यांचं दुसरं कारण

उपग्रहावर ट्रान्सपाँडर नावाची अनेक उपकरणं असतात. एकेक ट्रान्सपाँडर म्हणजे एकेक एसटी गाडी समजा आणि तिच्यात बसलेले प्रवासी म्हणजे चॅनल. तुमचा साधा बॉक्स एका वेळी एकाच गाडीत चढू शकतो. तुम्ही जे चॅनल पाहताय, त्याच गाडीतलं बोलणं त्याला ऐकू येतं.

डीव्हीबी मानकाने याची सोय केलेली आहे. एका ट्रान्सपाँडरवरून इतर ट्रान्सपाँडरवरच्या चॅनलचं वेळापत्रकही पाठवता येतं. सेवा चालवणाऱ्याने ही सोय वापरली, तर कोणतंही चॅनल लावलेलं असो, पूर्ण गाईड भरतं. नाही वापरली, तर ज्या गाडीत तुम्ही अलीकडे चढलाच नाहीत तिचे रकाने कोरे राहतात. म्हणूनच कधीकधी रिकाम्या दिसणाऱ्या चॅनलवर जाऊन काही सेकंद थांबलं, की त्याच्या आसपासच्या चॅनलची माहिती आपोआप भरते. ही जादू नाही, बॉक्स त्या गाडीत चढला एवढंच.

वेगाचाही प्रश्न आहे. तक्ता किती वेळाने पुन्हा फिरवावा याचे मार्गदर्शक आकडे ठरलेले आहेत. चालू ट्रान्सपाँडरवरचं ‘आत्ता आणि यानंतर’ दर २ सेकंदांनी, दुसऱ्या ट्रान्सपाँडरचं दर १० सेकंदांनी, पुढच्या ८ दिवसांचं वेळापत्रक दर १० सेकंदांनी आणि त्याच्याही पुढचं दर ३० सेकंदांनी. हे पाळलं तर गाईड झटपट भरतं. पण जितकी माहिती जास्त आणि फेऱ्या जितक्या वारंवार, तितकी उपग्रहावरची जागा जास्त खर्च होते. उपग्रहावरची जागा महाग. त्यामुळे बचत करायची वेळ आली की पहिली कात्री अनेकदा गाईडला लागते, कारण चित्र अडखळलं तर लोक लगेच ओरडतात, गाईड रिकामं राहिलं तर कुणी फोन करत नाही.

वेळ चुकते कशी?

गाईडमधल्या सगळ्या वेळा भारतीय वेळेत येत नाहीत. त्या जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे ढोबळपणे ग्रीनिचच्या वेळेत येतात. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. रात्री ८ ची मालिका उपग्रहावरून ‘दुपारी २:३०’ म्हणून येते आणि साडेपाच तास मिळवायचं काम बॉक्सने करायचं असतं.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये टाइम झोन चुकला की सगळं गाईड सरकतं. झोन शून्यावर राहिला तर रात्रीची मालिका दुपारच्या रकान्यात दिसते. पाच किंवा सहा तासांवर राहिला तर बरोबर अर्ध्या तासाचा फरक पडतो. जगातल्या बहुतेक देशांची वेळ पूर्ण तासांच्या फरकाने ठरते, आपल्यासारखा अर्धा तास कमी ठिकाणी आहे. बाहेरच्या बाजारासाठी बनवलेल्या स्वस्त बॉक्समध्ये हा अर्धा तास विसरला जाण्याची शक्यता म्हणूनच जास्त. तुमच्या गाईडमध्ये सगळेच कार्यक्रम सारख्याच फरकाने चुकीचे दिसत असतील, तर ते चॅनलचं काम नाही, टाइम झोन तपासा.

फक्त एकाच चॅनलची वेळ चुकत असेल तर गोष्ट वेगळी. क्रिकेटचा सामना लांबला, ताजी मोठी बातमी आली, किंवा ऐनवेळी दुसराच भाग दाखवला गेला, आणि चॅनलने बदललेलं वेळापत्रक पुढे कळवलंच नाही, तर उपग्रह बिचारा जुनाच कागद वाचत राहतो.

याच जागी एक मजेशीर गोष्ट सांगायला हवी. डीव्हीबीच्या तक्त्यात तारीख लिहायची पद्धत अशी, की १७ नोव्हेंबर १८५८ या दिवसापासून किती दिवस झाले तो आकडा पाठवायचा. त्या आकड्यासाठी जी जागा ठेवली आहे तिच्यात ६५,५३५ पर्यंतच आकडा मावतो. हे दिवस संपतात २२ एप्रिल २०३८ ला. त्याआधी या पद्धतीत काहीतरी तोड काढावीच लागणार आहे.

मराठी नाव रोमन लिपीत का?

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. चॅनल मराठी, मालिका मराठी, बघणारी माणसं मराठी. मग गाईडमध्ये नाव रोमन अक्षरांत का दिसतं? याला तीन कारणं आहेत.

पहिलं कारण जागेचं. कार्यक्रमाचं नाव आणि त्याचं छोटं वर्णन ज्या डब्यात भरायचं, त्याची लांबी ठरलेली आहे. भाषेचा कोड वगैरे वजा जाता नाव आणि वर्णन मिळून साधारण २५० बाइट उरतात. बाइट म्हणजे साठवणीचा छोटा कप्पा. रोमन लिपीतलं साधं अक्षर एका कप्प्यात मावतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत तीन कप्पे घेतं. आणि इथे काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं मोजली जातात.

उदाहरण घेऊ. ‘चला हवा येऊ द्या’ हे नाव रोमन लिपीत लिहिलं तर १८ बाइट लागतात. देवनागरीत त्यात १३ चिन्हं आणि ३ मोकळ्या जागा आहेत, म्हणजे ४२ बाइट. दुप्पटीहून जास्त. ज्या डब्यात इंग्रजी वर्णनाची सुमारे अडीचशे अक्षरं मावतात, त्यात मराठीची जेमतेम ऐंशी चिन्हं बसतात. दोन बाइटवाली दुसरी पद्धतही मानकात आहे आणि लांब वर्णनासाठी जोडडबेही आहेत. म्हणजे अडचण सुटण्यासारखी आहे, पण त्यासाठी कुणीतरी मुद्दाम लक्ष घालावं लागतं.

दुसरं कारण चिठ्ठीचं. डीव्हीबीत मजकुराच्या सुरुवातीला एक छोटी खूण पाठवायची असते, ‘पुढचा मजकूर अमुक लिपीपद्धतीत आहे’ अशी. ती खूण नसेल तर बॉक्स मजकूर रोमन आहे असं धरून चालतो. मग मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हांची रांग दिसते. यामागे एक जुनी हुकलेली संधीही आहे. कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या लिपींसाठी आयएसओ ८८५९ नावाची मानकांची मालिका होती. तिचे भाग १ ते १६ आहेत, पण १२ वा भाग नाहीच. तो देवनागरीसाठी योजला होता आणि १९९७ मध्ये ते काम अधिकृतपणे सोडून देण्यात आलं. मालिकेतल्या ग्रीक, अरबी, हिब्रू, सिरिलिक या लिपी डीव्हीबीच्या यादीत सरळ जाऊन बसल्या. देवनागरीला मात्र युनिकोडचाच आधार घ्यावा लागला.

तिसरं कारण पडद्याचं. देवनागरी नीट दाखवायला नुसता फॉन्ट पुरत नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी कच्या नंतर टाइप होते, पण दिसायला हवी आधी. ‘क्ष’, ‘त्र’, ‘र्‍य’ यांसारखी जोडाक्षरं बॉक्सने जुळवून काढावी लागतात. हे करणारं सॉफ्टवेअर बॉक्समध्ये नसेल, तर अक्षरं सुटी सुटी दिसतात आणि वेलांटी भलत्याच जागी लटकते. असं मोडकं मराठी दाखवण्यापेक्षा रोमन बरं, हा सोपा मार्ग मग निवडला जातो.

सोपा, पण कुणासाठी? ज्यांना रोमन लिपी सरावाची आहे त्यांच्यासाठी. घरातल्या ज्या व्यक्तीची शाळा चौथीत सुटली, जी मराठी पेपर रोज वाचते पण इंग्रजी अक्षरं जुळवताना अडखळते, तिच्यासाठी ते गाईड रिकामंच असतं. मानकात एकाच कार्यक्रमाची नावं अनेक भाषांत पाठवायची सोय आहे. प्रत्येक नावाला भाषेचा तीन अक्षरी कोड लावायचा. मराठीचा कोड आहे ‘एमएआर’. दोन्ही नावं पाठवायची आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये ज्याची जी भाषा ती दाखवायची. सोय कागदावर आहे, वापरायची बाकी आहे.

वेळापत्रक नक्की कुणाचं?

गाईड सुधारायचं म्हटलं की एक प्रश्न येतोच. ‘रात्री ८ वाजता अमुक कार्यक्रम’ ही माहिती कुणाच्या मालकीची?

यावर युरोपात मोठा खटला झाला होता. आयर्लंडमधल्या मॅगिल नावाच्या प्रकाशकाला सगळ्या चॅनलचं आठवड्याचं वेळापत्रक एकाच मासिकात छापायचं होतं. तेव्हा आरटीई, बीबीसी आणि आयटीव्ही आपापलं वेगळं साप्ताहिक काढायचे. पेपरांना त्या दिवसापुरती यादी छापायला मिळायची, पण आठवड्याची यादी दुसऱ्याला द्यायला त्यांचा नकार होता. कारण दिलं कॉपीराइटचं. प्रकरण युरोपियन न्यायालयापर्यंत गेलं आणि ६ एप्रिल १९९५ ला निकाल लागला: अशी माहिती अडवून ठेवणं म्हणजे बाजारातल्या वरचढ स्थानाचा गैरवापर आहे.

निकाल मासिकाचा होता, पण त्यातला मुद्दा पडद्यावरच्या गाईडलाही लागू पडतो. प्रेक्षकाला एकाच ठिकाणी सगळं हवं असतं आणि प्रत्येक चॅनलला स्वतःपुरतं सांगायचं असतं.

कोण कुठे बसणार?

गाईडमध्ये आणखी एक ताकद लपलेली आहे, ती म्हणजे क्रम. यादीत वर असलेलं चॅनल जास्त पाहिलं जातं, हे दुकानात नजरेच्या उंचीवर ठेवलेल्या मालासारखं आहे. म्हणून क्रमावरून चॅनलवाल्यांची ओढाताण चालते.

भारतात ट्रायने मार्च २०१७ च्या नियमांत याला चौकट घातली. प्रत्येक चॅनलने आपला प्रकार जाहीर करायचा. प्रकार ९: भक्ती, सर्वसाधारण मनोरंजन, माहितीरंजन, लहान मुलं, चित्रपट, संगीत, बातम्या आणि चालू घडामोडी, क्रीडा आणि इतर. एका प्रकारातली चॅनल गाईडमध्ये सलग असली पाहिजेत, त्यातही एका भाषेची चॅनल एकत्र हवीत आणि एक चॅनल एकाच ठिकाणी दिसलं पाहिजे. चॅनलला दिलेला नंबर किमान एक वर्ष बदलायचा नाही, असंही २०१७ च्या त्या नियमांत होतं.

म्हणजे मराठी बातम्यांची चॅनल एका रांगेत सापडतात, ती या नियमामुळे. पण लक्षात घ्या, हा नियम चॅनल कुठे बसवायचं ते सांगतो. चॅनलवर काय चालू आहे ही माहिती अचूक आणि मराठीत मिळेल का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

हौशी मंडळींनी काय केलं?

कंपन्यांची वाट न बघता काही हौशी तंत्रज्ञांनी हा प्रश्न स्वतःच हातात घेतला. ही गोष्ट मुख्यतः युरोपातली. तिथे ड्रीमबॉक्ससारखे लिनक्सवर चालणारे रिसीव्हर मिळायचे, ज्यांचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला बदलता येत असे. एनिग्मा-२ हे त्यातलं सगळ्यात पसरलेलं सॉफ्टवेअर. जुन्या कॉम्प्युटरचा टीव्ही रेकॉर्डर करायला व्हीडीआर आणि मिथटीव्ही असे मोफत प्रोग्रॅम आले.

या मंडळींनी केलेल्या सुधारणा बघण्यासारख्या आहेत:

• इंटरनेटवरून माहिती भरणं. उपग्रहाचा तक्ता अपुरा असेल तर ‘एक्सएमएलटीव्ही’ नावाच्या खुल्या पद्धतीतली फाइल रोज उतरवून घ्यायची. तिच्यात प्रत्येक कार्यक्रमाच्या वेळेपुढे त्या देशाचा वेळफरकही लिहिता येतो, आपल्याकडे ‘+०५३०’. अर्ध्या तासाचा घोळच नको.

• रात्रीची फेरी. आपण झोपलेलो असताना बॉक्सने स्वतः जागं व्हायचं, एकेका ट्रान्सपाँडरवर जाऊन तक्ते गोळा करायचे आणि परत झोपायचं.

• आठवण जपणं. वीज गेली की गोळा केलेलं गाईड पुसलं जायचं. त्यांनी ते पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवर साठवायची सोय केली.

• बंद तक्ते उघडणं. ब्रिटनमधल्या फ्रीसॅट या मोफत उपग्रह सेवेत वर्णनाचा मजकूर हफमन पद्धतीने दाबून पाठवतात. जास्त वेळा येणाऱ्या अक्षराला छोटा संकेत, क्वचित येणाऱ्याला मोठा. हौशींनी त्या संकेतांची उकल केली आणि आपल्या सॉफ्टवेअरमध्ये हे गाईड वाचता येईल असं केलं.

त्यांना सर्वात जास्त त्रास कशाचा झाला माहितीये? नावं जुळवण्याचा. फाइलमधलं चॅनल आणि बॉक्समधलं चॅनल एकच आहे हे मशीनला सांगावं लागतं. चॅनलने नाव बदललं किंवा ट्रान्सपाँडर बदलला की जुळवणी तुटते. म्हणजे कितीही हुशार सॉफ्टवेअर लिहा, कुणीतरी रोज नीट माहिती भरल्याशिवाय गाईड चालत नाही.

चांगलं गाईड कसं असावं?

सजावट, रंग, छोट्या खिडक्या या सगळ्या नंतरच्या गोष्टी. पाया पक्का असेल तर गाईडने एवढं केलं तरी पुष्कळ:

१. खरं बोलावं. सामना लांबला तर ‘आत्ता आणि यानंतर’ लगेच बदलावं. रेकॉर्डिंगनेही घड्याळाऐवजी या तक्त्याकडे बघून सुरू आणि बंद व्हावं.

२. आपल्या भाषेत बोलावं. नाव देवनागरीत, जोडाक्षरं शाबूत. शोध मात्र दोन्ही लिपींत चालावा, कारण रिमोटवर मराठी टाइप करणं म्हणजे परीक्षाच.

३. मालिका ओळखावी. एकदा सांगितलं की रोजचा भाग आपोआप रेकॉर्ड व्हावा आणि पुनःप्रक्षेपण वगळलं जावं. ब्रिटनमध्ये प्रत्येक मालिकेला एक ओळखक्रमांक देऊन ही सोय केलेली आहे.

४. मोठ्याने वाचावं. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं, त्यांना पडद्यावरची यादी काय कामाची? अमेरिकेत २०१० मध्ये यासाठी कायदा झाला आणि २० डिसेंबर २०१६ पासून मोठ्या सेवांना मागणाऱ्या अंध ग्राहकांसाठी बोलणारं गाईड देणं बंधनकारक झालं. हे चैनीचं वैशिष्ट्य आहे असं वाटेल, पण वाचता न येणाऱ्या माणसालाही ते तेवढंच उपयोगी पडतं.

५. आपल्या मातीतले प्रकार ओळखावेत. डीव्हीबीच्या यादीत ‘संगीत, बॅले, नृत्य’ असा एक प्रकार आहे. धार्मिक कार्यक्रम ‘कला आणि संस्कृती’च्या पोटात येतात. मग कीर्तन कुठे टाकायचं, संगीतात की धर्मात? लावणी बॅलेच्या शेजारी? यादी युरोपात ठरली, म्हणून आपले कार्यक्रम शोधताना सापडत नाहीत.

तुम्ही आज काय करू शकता?

हे सगळं कंपन्यांच्या आणि नियामकांच्या हातात असलं, तरी घरच्या घरी काही गोष्टी करून बघता येतात.

• सगळे कार्यक्रम सारख्याच फरकाने पुढे-मागे दिसत असतील तर सेटिंगमध्ये टाइम झोन +५:३० आहे का बघा. वेळ ‘ऑटो’वर असूनही चुकत असेल तर ती हाताने लावा.

• रकाना रिकामा असेल तर त्या चॅनलवर जाऊन अर्धा मिनिट थांबा, मग गाईड उघडा.

• बॉक्स रोज भिंतीवरच्या बटणाने बंद करत असाल, तर एखादी रात्र स्टँडबायवर ठेवून बघा. अनेक बॉक्स त्या वेळातच गाईड आणि अपडेट गोळा करतात. पावसाळ्यात विजा चमकत असतील तेव्हा मात्र प्लग काढलेलाच बरा.

• घरातल्या ज्येष्ठांसाठी ‘फेव्हरिट’ यादी करून द्या. त्यांची रोजची आठ-दहा चॅनल एका बटणावर आली, की अर्धी अडचण संपते.

• रेकॉर्डिंग लावताना आधी आणि नंतर पाच-दहा मिनिटं जादा ठेवा.

• मेनूची भाषा मराठी करायची सोय आहे का ते तपासा. नसेल किंवा नावं मोडकी दिसत असतील, तर तक्रार करताना ‘गाईड चालत नाही’ एवढंच सांगू नका. कोणतं चॅनल, किती वाजता, गाईडमध्ये काय दिसलं आणि प्रत्यक्षात काय लागलं होतं, ते सांगा. फोटो काढून जोडा. अशी तक्रार टाळणं कठीण जातं.

तुमच्याकडे स्मार्ट टीव्ही आणि वायफाय असेल तर तुम्ही म्हणाल, आता गाईड लागतं कुणाला? रिमोटमध्ये तोंडाने नाव सांगितलं की मालिका हजर. खरंय. पण ज्या घरात महिन्याचं रिचार्ज न करता चालणारी फ्री डिश आहे, जिथे इंटरनेट फक्त एका मोबाईलवर आहे आणि तो मोबाईल दिवसभर कामावर जातो, त्या घराला विचारायला दुसरं कुणी नाही. तिथे काय चालू आहे आणि काय येणार आहे, हे सांगणारी एकच गोष्ट म्हणजे पडद्यावरचं गाईड. फिरत्या तक्त्यात त्यांच्या भाषेतले ४२ बाइट जास्तीचे पाठवले, तर उपग्रहाला फारसा भार होत नाही. त्या घरातल्या माणसाला मात्र रिमोट कुणाच्या तरी हातात न देता, स्वतःला हवं ते स्वतः लावता येतं.

तुमच्या घरच्या गाईडमध्ये मराठी नावं कोणत्या लिपीत दिसतात? आज रात्री बघा आणि कमेंटमध्ये नक्की सांगा.